डावा कान

डावाच का, असं डॉक्टर कासलीवालांनी विचारलं
तेव्हा मला हसू आलं.
अहो, सव्वीस वर्षं हेडफोन त्याच कानाला होता.
उजवा मी घरासाठी राखून ठेवला होता.

नाशिकच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये
पिन खुपसायची, म्हणायचं, "बोला."
कांद्याचे भाव, बाळंतपणं, मयती,
सगळं ह्याच भोकातून गेलं.
ऐकायचं नसतं. ऐकू येतंच.

आता लाईनवर कोणी नाही
आणि लाईन मात्र चालू.
रात्री दोनला, अख्खा शरणपूर रोड झोपलेला असताना
एक बारीक, लांब, न तुटणारी ई.
ना गाव, ना नंबर, ना नाव.

आधी भामरे काकूंचं तेल झालं.
लसूण जाळून, कोमट, तीन थेंब.
कानाला आठवडाभर फोडणीचा वास,
आवाज होता तसाच,
फक्त मला सारखी भूक लागायची.
पंचवटीतले वैद्य म्हणाले, वात.
दीर म्हणाला, बी-ट्वेल्व्ह.
भाचीने कुठल्याशा चिनी झाडाच्या पानांच्या गोळ्या पाठवल्या,
पाकिटावर हसणारी म्हातारी.
चहा सोडून पाहिला. नऊ दिवस.
आवाज राहिला, माझा स्वभाव गेला.

मग ती काचेची खोली.
अल्फिया नावाची मुलगी, कानाला मऊ गाद्या लावून म्हणाली,
मावशी, आवाज आला की बटण दाबा.
मी दाबलं. पुन्हा दाबलं. दाबतच राहिले.
काचेपलीकडून तिने हात हलवला:
मी अजून सुरूच केलं नाहीये.

कागदावर रेघ सरळ चालली होती,
चार हजारपाशी आली
आणि पुरात सांडव्यावरून पाणी पडावं तशी पडली.
डॉक्टर म्हणाले, मळ काढलाय, रक्तदाब बरा आहे,
स्कॅनमध्ये काही नाही.
आवाज घालवणारं औषध नाही. खोटं सांगत नाही.
कानाकडून काही येईनासं झालं
की मेंदू आपली चावी वाढवून बघतो.

हे मात्र मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.
मालेगाव येत नसलं की आम्हीही हेच करायचो.
चावी वर, अजून वर,
नुसती खरखर कानात भरून घ्यायची,
कुणी सापडतंय का म्हणून.

त्यांनी सांगितलेलं सगळं करते.
शांततेत एकटं बसायचं नाही.
डिसेंबरात, आठ अंशांत, पंखा लावून झोपते;
हे माकडटोपी घालून, दोन रजया घेऊन, माझ्याकडे पाठ करून.
मंगळवारी समुपदेशक बाई.
त्या म्हणतात, त्याच्याशी भांडू नका, त्याला नाव ठेवू नका.
नाव ठेवू नका की नाव देऊ नका,
हे विचारायचं राहून गेलं.
एका रविवारी सोमेश्वरच्या धबधब्यापाशी बसले.
वीस मिनिटं काही म्हणजे काही नाही,
नुसतं गंगेचं पाणी.
पण तिथे बिऱ्हाड थोडंच करता येतं?

आणि मागच्या महिन्यात हे यंत्र,
वालाच्या दाण्याएवढं, पंधरा दिवस वापरून बघा म्हणून.
पहिल्या सकाळी लावलं
आणि स्वयंपाकघरात कोण आलंय म्हणून गेले.
कोणी नव्हतं. हे होते.
हे दूध तापवताना दुधाशी बोलतात.
"थांब जरा. येतोय ना. थांब."
किती वर्षं बोलतायत, कोण जाणे.
मी दाराशीच उभी राहिले. दूध उतू गेलं.

आवाज गेलेला नाही.
दिवसा मागच्या बाकावर जाऊन बसतो इतकंच.
रात्री यंत्र डबीत ठेवलं की उठून पुढे येतो,
आणि मी अंधारात घड्याळाकडे बघत
सवयीने सांगते,
तीन मिनिटं झाली.
वाढवायची का?